ग्राउंड, लेखी आणि मधली रात्र

हिंगोली–नांदेड मार्गावर, कळमनुरी तालुक्यात वसलेल्या आखाडा बाळापूर येथे महाविद्यालयात शिकणाऱ्या खेळाडूला दोन परीक्षांची तयारी एकाच वेळी करावी लागते. एक परीक्षा मैदानावरची, म्हणजे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची किंवा पोलीस भरतीच्या शारीरिक चाचणीची, आणि दुसरी कागदावरची, म्हणजे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या सत्र परीक्षेची किंवा भरतीच्याच लेखी परीक्षेची. भरतीच्या भाषेत या दोहोंना 'ग्राउंड' आणि 'लेखी' असे म्हणतात. अलीकडच्या भरतीत पोलीस शिपाई पदासाठी ग्राउंडला ५० आणि लेखीला १०० गुण ठेवलेले आहेत. ग्राउंडच्या ५० गुणांपैकी २० गुण मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावण्यातून मिळतात, तर उरलेले १०० मीटर धावणे आणि गोळाफेक यांत विभागलेले असतात. लेखीत अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी यांची कसोटी लागते. म्हणजे ज्याला केवळ धावता येते किंवा ज्याला केवळ वाचता येते, अशा दोघांचीही निवड अवघडच असते.

या दुहेरी तयारीत एक कोडे दडलेले आहे. १६०० मीटरची तयारी करणारा कोणताही विद्यार्थी तीन महिन्यांचे धावणे चाचणीच्या आदल्या दोन रात्रींत उरकण्याचा विचार करत नाही, कारण तसे केल्यास पाय उचलणार नाहीत हे त्याला पक्के ठाऊक असते. तोच विद्यार्थी मात्र संपूर्ण सत्राचा अभ्यास परीक्षेच्या आदल्या दोन रात्रींत जागून करतो आणि त्यात त्याला काही वावगे वाटत नाही. शरीराच्या बाबतीत जो नियम त्याला इतका स्पष्ट दिसतो, तो मेंदूच्या बाबतीत का दिसत नाही, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे, कारण स्नायू आणि स्मृती या दोहोंच्या वाढीची रीत बरीचशी सारखी आहे.

धावताना ताकद वाढत नाही

व्यायाम सुरू असताना शरीर बळकट होत असते, हा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात व्यायामाच्या वेळी शरीराची क्षमता घटत जाते. स्नायूंमध्ये साठवलेली साखर, जिला ग्लायकोजेन म्हणतात, ती खर्च होते, स्नायूंच्या सूक्ष्म तंतूंना बारीक इजा होते आणि घामावाटे पाणी व क्षार निघून जातात. म्हणूनच कष्टाच्या सरावानंतर लगेच घेतलेली वेळ नेहमीच्या वेळेपेक्षा वाईट येते. खरी वाढ त्यानंतर सुरू होते. पुढील २४ ते ४८ तास स्नायूंमध्ये नवी प्रथिने बनण्याचा वेग वाढलेला राहतो, पुरेसे अन्न मिळाल्यास ग्लायकोजेनचा साठा साधारण एका दिवसात भरून निघतो, आणि असे अनेक आठवडे घडत राहिले की पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांची संख्या वाढते, स्नायूंभोवती रक्ताच्या सूक्ष्म वाहिन्यांचे जाळे दाट होते आणि हृदय प्रत्येक ठोक्याला अधिक रक्त फेकू लागते. ताणाला तोंड देताना शरीर आधी खचते आणि मग जुळवून घेते, ही कल्पना हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने १९३६ मध्ये मांडली होती, आणि खेळाच्या प्रशिक्षणशास्त्राने पुढे तिचा मोठा आधार घेतला.

यातून दोन गोष्टी निघतात. पुढचा ताण फार लवकर आला तर दुरुस्ती अर्धवट राहते आणि क्षमता उतरत जाते. फार उशिरा आला तर झालेली वाढ ओसरते, कारण सराव पूर्ण थांबल्यावर दोनेक आठवड्यांतच दमश्वास कमी झाल्याचे जाणवू लागते. दुसरे असे की ही वाढ थेंबाथेंबाने होते आणि तिला घाई मानवत नाही. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावच्या अविनाश साबळे यांनी ३००० मीटर स्टीपलचेस शर्यतीत सप्टेंबर २०१८ मध्ये ८ मिनिटे २९.८० सेकंदांची वेळ देऊन राष्ट्रीय विक्रम केला, आणि जुलै २०२४ मध्ये पॅरिस येथे तो ८ मिनिटे ९.९१ सेकंदांवर आणून ठेवला. जवळपास सहा वर्षांच्या, पूर्ण वेळ झोकून दिलेल्या सरावाचे फळ वीस सेकंदांपेक्षाही किंचित कमी आहे, आणि त्या थोड्या सेकंदांनीच त्यांना जगातील अग्रगण्य धावपटूंच्या पंक्तीत नेले.

विसरण्याचा वक्र

स्मृतीच्या बाबतीत हीच कथा वेगळ्या पेशींमध्ये घडते. वाचलेली गोष्ट लक्षात राहते म्हणजे मेंदूतील चेतापेशींमधील काही जोडण्या अधिक बळकट होतात, आणि त्या टिकाऊ होण्यासाठी पेशींना नवी प्रथिने तयार करावी लागतात. या कामाला तास आणि दिवस लागतात. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या स्वतः पाठ करून, त्या पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात हे मोजले आणि १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केले. पाठांतरानंतर एका तासाने वाचणारे श्रम निम्म्याहून खाली आले होते, एका दिवसाने ते सुमारे एक-तृतीयांश उरले होते, आणि त्यापुढे मात्र घसरण पुष्कळ मंदावली होती. विसरणे आरंभी वेगाने आणि पुढे संथपणे घडते, आणि नेमक्या त्या घसरणीच्या काळात केलेली उजळणी आठवण पुन्हा वर उचलते व पुढची घसरण सौम्य करते.

बाळापूर परिसरातील हळदीच्या रानाचे उदाहरण येथे चपखल बसते. काळ्या जमिनीला एकाच वेळी भरपूर पाणी सोडले, तर वरचा थर फुगून भेगा मिटतात, पाणी आत मुरणे मंदावते आणि उरलेले सरीतून वाहून जाते. तेवढेच पाणी पाळी लावून, मध्ये वाफसा येऊ देऊन दिले, तर ते मुळांपर्यंत पोहोचते. अभ्यासाचे तास तेवढेच ठेवून केवळ त्यांच्यात अंतर पाडल्याने फरक पडतो, तो याच रीतीने. ब्रिटनमधील टपाल कर्मचाऱ्यांना टंकलेखनाचा कळफलक शिकवताना ॲलन बॅडली आणि लाँगमन यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काहींना दिवसातून एकच तास, तर काहींना दोन-दोन तासांच्या दोन बैठकी दिल्या होत्या. रोज एक तास शिकणाऱ्यांनी सुमारे ५५ तासांत जे कौशल्य मिळवले, त्यासाठी रोज चार तास शिकणाऱ्यांना सुमारे ८० तास लागले. आणखी एक बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे: सर्वांत कमी तासांत शिकणारा हाच गट आपल्या प्रशिक्षणावर सर्वांत कमी समाधानी होता, कारण दिवसांच्या हिशेबात त्यांना आपली प्रगती संथ वाटत होती.

आरंभीच्या कोड्याचे उत्तर या असमाधानात सापडते. मैदानावर घड्याळ असते; थकलेल्या पायांनी धावल्यास वेळ वाईट आल्याचे त्याच क्षणी कळते आणि भ्रमाला जागा उरत नाही. वाचनाच्या टेबलावर असे घड्याळ नसते. गाईडचे तेच पान तिसऱ्यांदा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो, आणि ओळखीचे वाटणे म्हणजेच येणे, अशी समजूत होते. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांच्या एका गटाला एक उतारा पुन्हा वाचायला दिला, तर दुसऱ्या गटाला तो न पाहता आठवून लिहायला सांगितला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, त्यांना ८१ टक्के तर आठवून लिहिणाऱ्यांना ७५ टक्के आठवले. मात्र आठवड्यानंतर आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आणि पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्केच आठवले. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर उत्तर लिहिणे हे अभ्यासाच्या टेबलावरचे घड्याळ आहे. ते कष्टाचे वाटते, त्यात चुका होतात, आणि स्नायूंवरील ताणाप्रमाणेच हे कष्ट वाढीचे कारण ठरतात.

सरावात सरमिसळ

अंतराइतकेच मिश्रणही महत्त्वाचे असते. बॅडमिंटनमध्ये सर्व्हिसचे निरनिराळे प्रकार असतात. १९८६ मध्ये गूड आणि मॅगिल यांनी महाविद्यालयीन विद्यार्थिनींपैकी काहींना एका वेळी एकाच प्रकारची सर्व्हिस घोटायला लावली, तर काहींना तीन प्रकार उलटसुलट क्रमाने करायला लावले. काही काळ गेल्यावर घेतलेल्या चाचणीत उलटसुलट सराव केलेल्या विद्यार्थिनी सरस ठरल्या. कारण असे की एकच कृती सलग करताना मेंदू पहिल्यांदा विचार करतो आणि पुढे केवळ गिरवतो, तर क्रम बदलत राहिल्यास प्रत्येक वेळी कोणती कृती करायची हे नव्याने ठरवावे लागते, आणि सामन्यातही तेच करावे लागते.

खो-खो हा मराठवाड्याचा आपला खेळ या तत्त्वाचा उत्तम नमुना आहे. धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ विजयी झाले. या खेळात खांबावरचा सूर, खो देण्याची वेळ, साखळी धावणे आणि अचानक हुलकावणी यांचा क्रम प्रतिस्पर्धी ठरवतो. त्यामुळे तासभर केवळ खांबावरचा सूर घोटणाऱ्या खेळाडूला सामन्यात तो सूर केव्हा मारावा हे उमगतेच असे नाही. अंकगणितातही असेच घडते: शेकडेवारीची वीस गणिते सलग सोडवताना कोणते सूत्र वापरायचे हे आधीच ठरलेले असते, पण लेखीत शेकडेवारीनंतर काळ-काम-वेग आणि त्यानंतर सरासरी येते, आणि तेथे गणिताचा प्रकार ओळखणे हीच अर्धी परीक्षा असते. जुन्या प्रश्नपत्रिका सोडवण्याचा जो लाभ होतो, त्याचा मोठा वाटा या सरमिसळीतून येतो.

मधली रात्र

स्नायूंची दुरुस्ती आणि आठवणींची पक्की नोंद, ही दोन्ही कामे ज्या वेळी सर्वाधिक जोमाने चालतात ती वेळ झोपेची. रात्रीच्या पहिल्या भागातील गाढ झोपेत वाढीच्या संप्रेरकाचा मोठा स्राव होतो. त्याच गाढ झोपेत मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग, जेथे नव्या आठवणी तात्पुरत्या नोंदल्या जातात, दिवसभराच्या अनुभवांची जणू उजळणी करतो. १९९४ मध्ये विल्सन आणि मॅकनॉटन यांनी उंदरांच्या मेंदूतील पेशींचे विद्युत्संकेत टिपून हे दाखवले. माणसांमध्ये बोटांनी ठरावीक क्रमाने कळा दाबण्याचे कौशल्य एका रात्रीच्या झोपेनंतर, मध्ये कोणताही सराव न करता, सुमारे २० टक्क्यांनी वेगवान झाल्याचे २००२ मध्ये आढळले. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघातील खेळाडूंना ५ ते ७ आठवडे रात्री १० तास अंथरुणात राहण्यास सांगितल्यावर त्यांचा धावण्याचा वेग सुधारला आणि फ्री थ्रोची अचूकता ९ टक्क्यांनी वाढली, असे २०११ मध्ये चेरी माह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवले. तो अभ्यास मोजक्याच खेळाडूंवर झालेला असल्याने त्याचे आकडे जसेच्या तसे सर्वांना लावता येत नाहीत, पण त्याची दिशा इतर निष्कर्षांशी जुळते.

मराठवाड्यातील विद्यार्थ्याचा प्रश्न निराळा असतो. पहाटे पाचला ग्राउंडवर जायचे, कारण एप्रिल–मेमध्ये उन्हाचा पारा चाळिशीच्या पार जातो आणि त्यानंतर धावणे शक्य राहत नाही. आणि रात्री बारापर्यंत जागायचे, कारण अभ्यास बाकी असतो किंवा हातात मोबाईल असतो. पाच तासांच्या झोपेत सकाळचे धावणे आणि रात्रीचे वाचन दोन्ही अर्धे वाया जाते. तरुण वयात रोज ७ ते ९ तास झोप लागते, आणि पहाटेचे ग्राउंड सोडायचे नसेल तर रात्रीचे वाचन लवकर आटोपणे हा एकच सरळ मार्ग आहे. दुपारची अर्ध्या तासाची डुलकी पूरक ठरते; रात्रीची जागा मात्र ती घेऊ शकत नाही.

आधी धावावे की वाचावे

दिवसातील क्रमाचाही परिणाम होतो. २००९ मध्ये सॅम्युएल मार्कोरा आणि सहकाऱ्यांनी काही जणांना ९० मिनिटे डोके शिणवणारे काम दिले आणि नंतर थकेपर्यंत सायकल चालवायला लावली. डोके ताजे असताना ते सरासरी ७५४ सेकंद टिकले होते, शिणल्यावर ६४० सेकंदच टिकले, मात्र हृदय आणि स्नायूंच्या मोजमापांत त्यांच्या कामगिरीतील ही घट समजावून सांगेल असा फरक आढळला नाही. बदलली होती ती श्रमाची जाणीव. तेवढाच जोर त्यांना अधिक जड वाटत होता. म्हणून वेळ लावून धावण्याच्या दिवशी अवघड अभ्यास धावण्यापूर्वी करू नये. उलट दिशेने चित्र आशादायक आहे: मध्यम गतीच्या धावण्यानंतर मेंदूकडील रक्तप्रवाह आणि चेतापेशींच्या जोडण्यांना पोषक असणारी द्रव्ये वाढतात, त्यामुळे त्यानंतरचा अभ्यासाचा काळ चांगला लागतो. अगदी दमवून टाकणाऱ्या सरावानंतर मात्र आधी खाणे आणि विश्रांती लागते.

चौकट : एका आठवड्याची मांडणी

सोमवार, बुधवार आणि शनिवार हे कष्टाच्या सरावाचे दिवस ठेवून त्या दिवशी सायंकाळी केवळ हलकी उजळणी करावी, आणि मंगळवार, गुरुवार व शुक्रवार हे हलक्या धावण्याचे दिवस ठेवून त्या सकाळी न्याहारीनंतर नवा किंवा अवघड विषय घ्यावा. आज शिकलेला भाग दुसऱ्या दिवशी, नंतर तीन-चार दिवसांनी आणि पुढे दोन आठवड्यांनी पुस्तक न पाहता लिहून पाहावा. रविवारी धावण्याला पूर्ण विश्रांती द्यावी, आणि एखादी जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवावी. उन्हाळ्याच्या आरंभी शरीराला उष्णतेशी जुळवून घ्यायला १० ते १४ दिवस लागतात, त्या काळात वेग आणि अंतर दोन्ही कमी ठेवावे.

ताटातली आणि रक्तातली कमतरता

वरील सर्व मांडणी पुरेशा पोषणावाचून निष्फळ ठरते, आणि मुलींच्या बाबतीत त्याची उणीव फार गंभीर आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे. हिमोग्लोबिन म्हणजे तांबड्या पेशींतील लोहयुक्त प्रथिन, जे फुप्फुसांतून प्राणवायू उचलून स्नायू आणि मेंदू यांना पोहोचवते. गरोदर नसलेल्या स्त्रीत ते डेसिलिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय मानला जातो. अशा मुलीला ८०० मीटर धावताना लवकर धाप लागते, वर्गात लक्ष टिकत नाही, आणि बहुधा तिला 'मेहनत कमी पडते' असे ऐकून घ्यावे लागते. तिच्या जिद्दीचा येथे काही संबंध नसतो. प्राणवायूच पुरेसा पोहोचत नसतो. हिमोग्लोबिनची एक साधी रक्ततपासणी कितीतरी मुलींना नाहक मिळणाऱ्या दूषणांतून सोडवू शकते, म्हणून ती आवर्जून व्हायला हवी.

जेवणातील लोह अंगी लागण्यासाठी जेवणाबरोबर लिंबू, आवळा किंवा पेरू असणे उपयुक्त ठरते, तर जेवणालगतचा चहा लोहाचे शोषण अडवतो; चहा तासाभराने घेतला तरी चालते. प्रथिनांच्या बाबतीत नियमित सराव करणाऱ्याला शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे दिवसाला साधारण १.४ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ६० किलो वजनाच्या खेळाडूला सुमारे ८४ ग्रॅम. त्यासाठी महागड्या पावडरीच्या डब्याची गरज नसते. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम, तेवढ्याच कच्च्या तूर डाळीत सुमारे २२ ग्रॅम आणि सोयाबीनमध्ये ३६ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. हिंगोली जिल्ह्यात खरिपाला रानोरान सोयाबीन उभे असते आणि जवळजवळ सारेच बाजार समितीच्या वाटेने निघून जाते. त्यातील थोडे घरच्या चक्कीवर ज्वारी-गव्हात मिसळून दळले, किंवा भिजवून उकडून खाल्ले, तर खेळाडूच्या ताटातील मोठी उणीव स्वस्तात भरून निघते. सोयाबीन कच्चे मात्र खाऊ नये, कारण त्यातील काही घटक प्रथिनांचे पचन रोखतात आणि ते उष्णतेनेच निष्प्रभ होतात.

महाविद्यालयाच्या हातात असलेले

विद्यार्थ्याने कितीही नेटके वेळापत्रक आखले, तरी ते संस्थेच्या वेळापत्रकाला टेकलेले असते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकत कुस्ती खेळले, १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सहावे आले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवले. त्या प्रवासासाठी प्राचार्य बॅ. बाळासाहेब खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले होते. एवढा त्याग कोणत्याही प्राचार्यांकडून मागता येणार नाही, पण आजच्या महाविद्यालयापुढील काम पुष्कळ लहान आहे. आखाडा बाळापूर येथील नारायणराव वाघमारे महाविद्यालयासारख्या ग्रामीण संस्थांमध्ये शारीरिक शिक्षण संचालक आणि विषयशिक्षक यांनी सत्राच्या आरंभी एकत्र बसून स्पर्धांच्या आणि अंतर्गत चाचण्यांच्या तारखा एकमेकींपासून दूर ठेवल्या, स्पर्धेला गेलेल्या विद्यार्थ्याची चाचणी परत आल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी न घेता झोप भरून निघाल्यावर घेतली, आणि सत्राअखेरच्या एका मोठ्या चाचणीऐवजी दर पंधरवड्याला दहा गुणांची छोटी चाचणी ठेवली, तर अंतर, आठवून लिहिणे आणि विश्रांती ही तिन्ही तत्त्वे खर्चाविना अमलात येतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतरच्या अभ्यासक्रमात क्रीडा उपक्रमांना श्रेयांक मिळू लागल्यामुळे अशा नियोजनाला आता नियमांचाही आधार आहे. याच वेळापत्रकात प्रत्येक सत्राच्या आरंभी खेळाडू मुला-मुलींच्या हिमोग्लोबिन तपासणीची एक तारीख, जवळच्या शासकीय रुग्णालयाशी बोलून, लिहून ठेवता येते.